डगल्याचा खरा रंग

सत्याविषयीचा माणसाचा आग्रह सामान्यतः मोठ्या गोष्टींच्या संदर्भात व्यक्त होतो. युद्ध कोणी सुरू केले, त्यात किती माणसे मेली, सेनापतीने शब्द पाळला की मोडला, ह्या प्रश्नांवर वाद होतात आणि ते होणे स्वाभाविकही मानले जाते. परंतु दोनशे वर्षांपूर्वी एखाद्या चिखलाच्या शेतात उभ्या असलेल्या, नावही न उरलेल्या शिपायाच्या अस्तनीची पट्टी फिकट पिवळी होती की गर्द पिवळी, एवढ्याच प्रश्नासाठी कोणी महिनोन् महिने ग्रंथालयात बसत असेल, तर त्याच्याविषयी कौतुकापेक्षा कीव वाटण्याचाच संभव अधिक. शिशाच्या वा प्लास्टिकच्या लहान शिपायांना रंग देणारे आणि तो देण्यापूर्वी मूळ गणवेशाचा कसून शोध घेणारे लोक युरोप-अमेरिकेत गेली शंभराहून अधिक वर्षे नेमके हेच करीत आले आहेत. ह्या मूर्ती बहुधा चोपन्न मिलिमीटर उंचीच्या. पुष्कळशा त्याहूनही लहान. अस्तनीची पट्टी म्हणजे कुंचल्याच्या टोकाचा एक स्पर्श. तो चुकला तर कोणाचे काही बिघडत नाही. तक्रार करणारा शिपाई केव्हाच मातीला मिळाला. असे असताना 'बरोबर' रंग देण्याची जी तळमळ ह्या मंडळींत दिसते, ती कोणत्या जातीची मानावयाची? ती निव्वळ छंदिष्टाची हौस आहे, की तिच्यात कर्तव्याचा काही अंश आहे? आणि असेल, तर ते कर्तव्य कोणाप्रती?

'बरोबर रंग' हा शब्दप्रयोगच मुळात वाटतो तितका सरळ नाही. नेपोलियनच्या काळातील ब्रिटिश पायदळाचा डगला लाल होता हे सर्वांना ठाऊक असते. परंतु 'लाल' ह्या एका शब्दाच्या पोटात त्या सैन्यात निदान दोन वेगळे रंग नांदत होते. साध्या शिपायाच्या डगल्याचे जाडेभरडे कापड मंजिष्ठेच्या जातीच्या एका युरोपीय झुडपाच्या मुळांनी रंगवीत. हा लाल विटकरीकडे झुकणारा, काहीसा मंद. अधिकाऱ्याचे तलम कापड मात्र कोचिनीलने रंगलेले असे. मेक्सिकोतील निवडुंगावर पोसल्या जाणाऱ्या किड्यांपासून काढलेला हा रंग कथिलाच्या क्षारांच्या योगाने झगझगीत होई. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ह्या महागड्या कोचिनीलला पर्याय म्हणून बंगालमधून लाखेचा रंग इंग्लंडला जाऊ लागला. ज्या लाखेच्या रसाने भारतात अळिता होई, तिनेच साहेबाचा डगलाही रंगू लागला. म्हणजे हुद्द्यातला फरक केवळ झुपक्यांत आणि कलाबतूत नव्हता, तो कापडाच्या तंतूत मुरलेला होता. लघुमूर्ती रंगवणारा जेव्हा एकाच बाटलीतला लाल रंग सरदाराला आणि शिपायाला सारखाच फासतो, तेव्हा तो नकळत एक सामाजिक सत्य पुसून टाकीत असतो.

हे झाले कापड गिरणीतून निघाले त्या दिवशीचे. त्यानंतर ऊन, पाऊस, घाम, धूर आणि उघड्या माळावरच्या रात्री. स्पेन-पोर्तुगालच्या दीर्घ मोहिमेत ब्रिटिश शिपायांच्या विजारी फाटल्या तेव्हा त्यांना स्थानिक तपकिरी कापडाची ठिगळे लागली. काहींच्या अख्ख्या विजारीच तपकिरी झाल्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ ह्या काळात, दक्षिणेच्या फौजेचा गणवेश नियमाने राखाडी होता. पण वनस्पतींच्या रंगांनी घाईघाईने रंगवलेले ते घरगुती कापड उन्हात विटून पिवळट तपकिरी पडे, इतके की त्या रंगाचे नावच पुढे त्या शिपायांना चिकटले. मग रंगवणाऱ्याने राखाडी द्यावा की तपकिरी? नियमपुस्तक एक सांगते, गोदामातील कापड दुसरे, आणि लढाईच्या दिवशीचा देह तिसरेच. वैशेषिकांनी 'रूप' हा द्रव्याच्या आश्रयाने राहणारा गुण मानला आणि कच्चे मडके भट्टीत भाजले की त्याचे काळे रूप नाश पावून तांबडे रूप उत्पन्न होते, अशी त्याची मीमांसा केली. मडके तेच राहते की बदलते, ह्यावर त्यांच्यात आणि नैयायिकांत सूक्ष्म वादही झाले. डगल्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट, कारण येथे भट्टी एक नाही आणि भाजणे कधी संपतही नाही. 'ह्या डगल्याचा रंग कोणता' असे विचारणे अपुरे आहे. 'कोणत्या दिवशीचा' हेही विचारावे लागते. लघुमूर्ती हा गोठवलेला क्षण असल्यामुळे तिला ह्या दुसऱ्या प्रश्नातून सुटका नाही. ग्रंथ लिहिणारा इतिहासकार 'डगले लाल होते' असे लिहून पुढे जाऊ शकतो. कुंचला हाती घेतलेल्याला मात्र एक छटा निवडावीच लागते. मोघम राहण्याची मुभा त्याला नाही.

ह्या सक्तीमुळेच साधनांचा प्रश्न उभा राहतो. चार्ल्स हॅमिल्टन स्मिथ ह्याने १८१२ ते १८१५ ह्या वर्षांत ब्रिटिश सैन्याच्या पोशाखांची चित्रमाला प्रसिद्ध केली. रिखार्ड क्न्योटेल ह्या जर्मन चित्रकाराने १८९० पासून गणवेशांच्या चित्रांची प्रचंड माला काढली. ही साधने मोलाची आहेत, पण जुनी छापील चित्रे हातांनी रंगवलेली असत आणि रंगवणारे मजूर एका बैठकीत अनेक प्रती उरकीत. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत दोन छटा सापडतात. संग्रहालयातला खरा डगला पाहावा, तर तो बहुधा अधिकाऱ्याचा असतो, कारण शिपायाचा डगला झिजून चिंध्या होईपर्यंत वापरला जाई आणि चिंध्या कोणी जपत नाही. शिवाय काचेच्या कपाटातही प्रकाश आपले काम करीतच असतो. म्हणून जाणता अभ्यासक डगल्याची उलटी शिवण पाहतो, कॉलरखालचा दुमड पाहतो. जेथे ऊन पोहोचले नाही तेथे रंग अजून आपल्या पहिल्या वर्षात असतो.

छायाचित्र आले की प्रश्न सुटेल अशी कोणाचीही समजूत होईल. प्रत्यक्षात तो अधिक गुंततो. आरंभीच्या छायाचित्रणाच्या काचांना निळा प्रकाश तेवढा जाणवे. त्यानंतरच्या फिल्मला हिरवाही जाणवू लागला, परंतु तांबड्याच्या बाबतीत ती आंधळीच राहिली. त्यामुळे जुन्या छायाचित्रांत गर्द निळा कोट फिका दिसतो, तर लाल आणि पिवळा जवळजवळ काळा. डोळ्यांनी पाहिलेला पुरावा असे ज्याला म्हणावे तोच येथे उलटी साक्ष देतो. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाड्यांचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. युद्धाच्या पहिल्या वर्षातले रणगाडे सरसकट गर्द राखाडी होते असे प्रतिकृती करणारे कित्येक दशके मानीत आले. छायाचित्रांतही तसेच दिसे. पुढे सैन्याचे मूळ आदेश अभ्यासले गेले तेव्हा कळले की १९४० च्या उन्हाळ्यापर्यंत राखाडीवर गर्द तपकिरी पट्टे मारण्याचा नियम होता. हे दोन रंग इतके सारखे गडद होते की कृष्णधवल छायाचित्रात ते एकमेकांत विरघळून गेले. १९४३ च्या फेब्रुवारीत गर्द पिवळा हा नवा मूळ रंग ठरला, पण त्यावर मारावयाचे हिरवे आणि तांबूस तपकिरी रंग लगद्याच्या रूपात आघाडीवर पोहोचत. ते पाण्यात कालवा किंवा पेट्रोलमध्ये. कोणी किती पातळ करावे ह्याला धरबंध नव्हता. अधिकृत क्रमांक असलेल्या एका रंगाच्या प्रत्यक्षात शेकडो छटा झाल्या. तेव्हा 'ती छटा चुकीची आहे' असे छातीठोकपणे सांगणारा अभ्यासक पुष्कळदा ज्ञान नव्हे, तर ज्ञानाचा आव दाखवीत असतो.

खाकीची कुळकथा तर नियमाच्या कल्पनेचीच थट्टा करते. १८४६ च्या डिसेंबरात पेशावरास हॅरी लम्सडेनच्या नेतृत्वाखाली 'गाइड्स' नावाचे पथक उभे राहिले. त्याच्यासाठी स्थानिक कापड मातकट रंगात रंगवले गेले, आणि खाक म्हणजे धूळ, हा फारसी शब्द जगाच्या सर्व सैन्यांत पोहोचला. १८५७ च्या धामधुमीत उन्हाळी पांढरे कपडे घातलेल्या गोऱ्या पलटणींनी चहाचे पाणी, कॉफी, माती, शाई, जे हाती आले त्यात आपले कपडे बुडवले. त्यातून निघालेली 'खाकी' कोठे पिवळट, कोठे पाटीच्या दगडासारखी, कोठे जांभळटही झाली. धुळीला एक रंग नसतो; ज्या मुलखाची धूळ, त्या मुलखाचा रंग. १९०२ मध्ये ब्रिटिश सैन्याने खाकी हा घरच्या फौजेचाही रणवेश ठरवला तोवर तिची वीण आणि छटा कागदावर बांधून टाकलेली होती. पण रंगवणाऱ्याला जर दिल्लीच्या वेढ्यातला शिपाई रंगवावयाचा असेल, तर त्याला बाटलीवरचे 'खाकी' हे नाव काडीचेही उपयोगी नाही.

एवढा खटाटोप करून नेमकी छटा सापडली, अगदी मूळ कापडाचा तुकडाच हाती आला, तरी एक अडचण उरते, आणि तात्त्विक दृष्ट्या ती सर्वांत रंजक आहे. चोपन्न मिलिमीटरची मूर्ती म्हणजे खऱ्या माणसाचा सुमारे बत्तिसावा हिस्सा. ती एक वीतभर अंतरावरून पाहणे म्हणजे खरा माणूस सहा-सात मीटरांवरून पाहणे. अंतराने रंग फिके होतात, हवा मध्ये येते, सावल्या विरतात. मूळ कापडाचा रंग जसाच्या तसा लहान मूर्तीला दिला तर ती काळवंडलेली, मेलेली दिसते. म्हणून कसबी कारागीर त्यात थोडा पांढरा मिसळतो, घड्यांच्या खाचांत सावली रंगवतो, कडांवर उजेड रंगवतो. म्हणजे खोलीतला खरा प्रकाश असताना तो खोटा प्रकाश रंगवतो. वस्तूशी इमान राखले तर दर्शनाशी बेइमानी होते आणि दर्शन साधले तर वस्तू हातची जाते. चित्रकारांना हे द्वंद्व नवे नाही. पण ज्याने 'बरोबर' ह्या शब्दाचा ध्यास घेतला त्याला ते फार जाचते. ह्या छंदात त्यावरून कायमचे दोन तट आहेत, आणि दोघांचेही म्हणणे खरे असल्यामुळे तो वाद मिटण्याची चिन्हे नाहीत.

येथवरचा विचार ज्ञानाचा झाला. तो नीतीचा केव्हा होतो, हे विल्यम सायबोर्न ह्याच्या चरित्रावरून दिसते. १८३० मध्ये ह्या ब्रिटिश लेफ्टनंटाला वॉटर्लूच्या लढाईची भव्य प्रतिकृती करण्याचे काम अधिकृतपणे सोपवण्यात आले. त्याने रणभूमीवरील ला हे सेंट ह्या शेतवाडीत आठ महिने मुक्काम करून जमिनीचे मोजमाप घेतले. मग लढाईत भाग घेतलेल्या हयात अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली: १८ जून १८१५ च्या संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी कोठे होती, समोर शत्रूची रचना कशी होती, आणि शेतात कोणते पीक कोणत्या अवस्थेत होते? पिकाचा प्रश्न पाहण्यासारखा आहे. शेकडो माणसे मेली त्या जागी गहू होता की राय, उभा होता की तुडवलेला, हे एकोणीस वर्षांनी विचारणारा माणूस वेडगळ म्हणावयाचा. पण जमिनीला काही ना काही रंग द्यावाच लागणार होता. उत्तरांचा ढीग जमला. त्याच्या मुलाने त्यातील निवडक पत्रे १८९१ मध्ये प्रसिद्ध केली आणि आज त्या लढाईचा कोणताही अभ्यास त्या पत्रांवाचून होत नाही. खेळण्यासाठी विचारलेल्या प्रश्नांतून इतिहासाचे दप्तर तयार झाले.

सरकारने १८३३ मध्ये हात आखडता घेतला. सायबोर्नने कर्ज काढून काम पुरे केले आणि १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये सत्तर हजारांहून अधिक इवल्याशा आकृतींची ती प्रतिकृती लोकांपुढे आली. पण त्याआधीच एक पेच पडला होता. निरनिराळ्या साक्षी आणि बर्लिनहून मिळालेली माहिती ताडून पाहता, संध्याकाळी सातच्या सुमारास प्रशियाची फौज रणभूमीवर फार पुढे आलेली होती. तसे दाखवले तर विजयाचा वाटा विभागला जात होता. ड्यूक ऑफ वेलिंग्टनला ते रुचले नाही. एका क्षणाचे असे चित्र पाहणाऱ्यांची दिशाभूल करील असा त्याचा आक्षेप होता. अखेर सायबोर्नने प्रशियन आकृतींचा मोठा भाग काढून टाकला. त्याला धमकावले गेले की त्याचे खरोखरच मतपरिवर्तन झाले, ह्याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. वेलिंग्टनचा आक्षेप निव्वळ अहंकाराचा होता असेही म्हणता येत नाही. एक क्षण गोठवला की त्याआधीचे सात-आठ तासांचे झुंजणे दिसेनासे होते, हे त्याचे म्हणणे गोठवलेल्या प्रत्येक प्रतिमेला लागू आहे. परंतु आकृती काढल्यावर जी उरली ती आधीच्या चित्राइतकीच गोठवलेली होती. फक्त ती बलिष्ठाला सोयीची होती. आज ती प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. तिच्यातील प्रत्येक डगला काळजीपूर्वक रंगवलेला आहे. जे तिथे नाहीत त्यांच्या डगल्यांच्या रंगाचा प्रश्नच उद्भवत नाही. तपशिलातील काटेकोरपणा मोठ्या असत्याला कशी प्रतिष्ठा मिळवून देऊ शकतो, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

ह्या छंदावरील नेहमीचा आक्षेप मात्र वेगळा आहे. युद्ध हे घाणीचे, किंकाळ्यांचे आणि आतडी बाहेर पडण्याचे काम. त्याची अशी नीटनेटकी, झगमगीत चिमुकली प्रतिमा करणे हे पाप नसले तरी निर्ढावलेपण आहे, असा तो आक्षेप. एच. जी. वेल्स ह्याने १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे पुस्तक लिहिले तेव्हा त्याने उलट बाजू मांडली होती: खऱ्या युद्धाची खुमखुमी असलेल्यांना ह्या खेळात गुंतवून ठेवावे, म्हणजे कोणाचे रक्त सांडणार नाही. पुढच्याच वर्षी काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. फ्रेंच पायदळ ऑगस्ट १९१४ मध्ये लाल विजारी घालूनच रणात उतरले. त्या विजारी बदलाव्यात अशी सूचना आधी आली होती. राष्ट्राच्या अभिमानाने ती हाणून पाडली. त्या विजारींचा लाल रंग तोपर्यंत मुळांपासून येईनासा झाला होता. १८६८ मध्ये त्याचे रासायनिक संश्लेषण जर्मनीत साधले, फ्रान्समधील झुडपांची शेती बसली, आणि फ्रेंच अभिमानाचा रंग शत्रूच्या कारखान्यातून येऊ लागला. युद्ध सुरू होताच तो थांबला. निळे, पांढरे आणि लाल असे तिन्ही धागे मिसळून नवे कापड विणण्याचे ठरले होते. लाल नसल्यामुळे निळे-पांढरेच उरले आणि त्यातून क्षितिजाच्या निळ्या रंगाचा तो प्रसिद्ध गणवेश निघाला. एका छटेच्या पाठीमागे रसायनशास्त्र, व्यापार, दुरभिमान आणि हजारो प्रेते असतात. रंगवणाऱ्याने एवढे जाणून घेतले, तर झगमगाटाचा आक्षेप बराचसा गळून पडतो. प्रश्न मूर्ती सुंदर असण्याचा नाही, शोध कोठे थांबवला ह्याचा आहे.

हे थांबणे सर्वांत अधिक बोचते ते नाझी गणवेशांच्या बाबतीत. छापील छद्मरंगाचे कापड सैनिकांच्या अंगावर मोठ्या प्रमाणावर आणण्यात एस.एस.च्या सशस्त्र पथकांचा पुढाकार होता. त्या कापडाच्या वसंती आणि शरदीय बाजू, त्यातील ठिपक्यांच्या जाती ह्यांवर आज जाडजूड ग्रंथ आहेत आणि ते कंठस्थ असणारे शौकीन आहेत. त्यांतील बहुसंख्यांना त्या पथकांविषयी तिळमात्र सहानुभूती नसते, हे मान्य केले पाहिजे. पण कॉलरवरील गोटाची छटा ज्याला अचूक ठाऊक आहे, त्याला १० जून १९४४ रोजी ओरादूर-सुर-ग्लान ह्या फ्रेंच गावात हाच गणवेश घातलेल्यांनी सहाशेहून अधिक स्त्रीपुरुष आणि मुले मारली, हे ठाऊक नसले, तर त्याच्या अचूकतेला काय म्हणावे? तिला ज्ञान म्हणवत नाही. आणि गंमत अशी, गंमत हा शब्द येथे वापरवत नाही, की ह्याच कपड्याचा शोध जरा पुढे नेला तर तो शोधच उत्तर देतो. हे गणवेश शिवले कोणी? राव्हेन्सब्र्युक येथील बंदिछावणीत एस.एस.च्या स्वतःच्या कंपनीचे शिवणकामाचे कारखाने होते आणि यंत्रांवर बंदिवान स्त्रिया राबत होत्या. टाक्याच्या मागे बोट आहे. छटेपाशी थांबलेला अभ्यासक त्या बोटापर्यंत पोहोचलेला नसतो. म्हणजे त्याने विषय अर्ध्यावर सोडलेला असतो, आणि तोही स्वतःला काटेकोर म्हणवीत.

निळ्या रंगाची वाट ह्याच दिशेने जाते, आणि ती भारतात येऊन पोहोचते. नेपोलियनच्या पायदळाचा निळा डगला निळीने रंगे. ही नीळ अठराव्या शतकात फार करून सॅं-दोमिंग बेटावरील गुलामांच्या मळ्यांतून येत असे. गुलामांनी बंड केले, १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला, समुद्र ब्रिटिश आरमाराच्या ताब्यात होता, आणि नीळ मिळणे दुर्घट झाले. १८०६ मध्ये काही फ्रेंच पलटणींना पांढरा गणवेश देण्याचा हुकूम निघाला. वर्षभरात तो प्रयोग बंद पडला. ह्या उलट ब्रिटनच्या हाती बंगालची नीळ होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपच्या बाजारात बंगालच्याच नीळीचा वरचष्मा होता. ती पिकवणाऱ्या रयतेला उचल देऊन बांधून घेतले जाई. भातासाठी राखलेल्या चांगल्या जमिनीत नीळ पेरावी लागे, आणि त्या उचलीचे ऋण बापाकडून मुलाकडे जाई. १८५९ मध्ये रयतेने पेरायचे नाकारले. १८६० मध्ये चौकशी आयोग बसला. त्याच वर्षी दीनबंधु मित्र ह्यांचे 'नीलदर्पण' नाटक आले. त्याच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रकाशनाबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग ह्यांना १८६१ मध्ये एक महिन्याचा कारावास आणि हजार रुपये दंड झाला. निळीचा जाच त्यानंतरही बिहारात उरला, तो १९१७ च्या चंपारणपर्यंत.

निळ्या डगल्याचा शिपाई रंगवताना हे सारे आठवावे काय? कुंचल्याच्या टोकावर एवढे ओझे लादणे अतिरेकाचे आहे असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. छंदाला छंद राहू द्यावे. पण ज्याने स्वतःहून 'बरोबर' हा शब्द उच्चारला, त्याने आपल्या आग्रहाची हद्द कोणत्या न्यायाने आखली हे विचारणे गैर नाही. बटणाचे पितळ मोजणे बरोबर आणि नीळ पिकवणारा हात मोजणे विषयांतर, ही वाटणी वस्तूत नाही. ती पाहणाऱ्याच्या सोयीत आहे.

ह्या सोयीपलीकडचीही एक मर्यादा आहे: साधनेच नसणे. वॉटर्लूच्या बारा वर्षे आधी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, त्याच वेलिंग्टनने, तेव्हाच्या आर्थर वेलस्लीने, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे दौलतराव शिंद्यांच्या फौजेशी लढाई दिली. आपल्या साऱ्या लढायांत ही सर्वांत सरस असे तो उतारवयातही मानी. शिंद्यांच्या कवायती पायदळाच्या पलटणी हॅनोव्हरच्या अँथनी पोलमन ह्याच्या हाताखाली होत्या आणि त्यांच्या गोलंदाजांनी तोफांपाशी उभे राहून मरण पत्करले, ह्याची साक्ष प्रतिपक्षाने दिली आहे. ही लढाई मेजावर मांडू पाहणाऱ्याला कंपनीच्या पलटणींची गळपट्टी, अस्तनी, बटणे ह्यांविषयी नियम, तक्ते, चित्रे मिळतात. समोरच्या बाजूला मात्र त्या मानाने अंधार. कवायती पलटणी वगळल्या तर मराठी फौजेत आजच्या अर्थाने गणवेश नव्हताच. शिलेदार आपल्या घरचे घोडे आणि घरचेच कपडे घेऊन येई. जेथे नियम नाही तेथे नियमांचे दप्तर नाही, आणि जेथे दप्तर नाही तेथे 'बरोबर' ह्या शब्दाला पाय ठेवायला जागा नाही. मग बाजारात मिळणाऱ्या मूर्तींवर भडक पागोटी आणि रंगीबेरंगी बाराबंद्या चढतात. पूर्वेकडचा माणूस म्हणजे रंगांची उधळण, ही समजूत पुराव्याची जागा घेते.

ह्याच काळातील एक अपवाद लक्षात घेण्याजोगा आहे. १८०३ मध्ये शिंद्यांच्या चाकरीतून बाहेर पडलेल्या जेम्स स्किनरने कंपनीसाठी जो रिसाला उभारला त्याचे पिवळे अंगरखे प्रसिद्ध आहेत. तो रिसाला आजही भारतीय सैन्यात आहे. १८१५ नंतरच्या काही वर्षांत दिल्लीच्या परिसरात विल्यम फ्रेझर ह्याने देशी चित्रकारांकडून जी चित्रे करवून घेतली त्यांत रिसाल्यात भरती होऊ आलेले तरुण आहेत. काही अजून घरच्या कपड्यांत आहेत, काही नव्या पोशाखात अवघडून उभे आहेत. प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे, प्रत्येकाच्या पांढऱ्या कापडाचा पांढरा वेगळा आहे, आणि चित्रावर त्यांची नावे लिहिलेली आहेत. गणवेशाच्या इतिहासात शिपायाचे नाव आणि त्याच्या धोतराची छटा एकाच कागदावर मिळण्याचे प्रसंग फार थोडे.

असईच्या गोलंदाजाला असा चित्रकार लाभला नाही. त्याची मूर्ती हाती आलेल्या माणसापुढे तीन वाटा असतात. शेजारच्या काळातील, शेजारच्या मुलखातील चित्रांवरून अंदाज बांधून रंग द्यावा आणि तो ज्ञात असल्यासारखा मिरवावा. ही वाट सर्वांत वहिवाटीची. अंदाजाने रंग द्यावा, पण मूर्तीच्या बैठकीखाली, जेथे इतरांच्या बाबतीत ग्रंथाचे नाव आणि वर्ष लिहितात, तेथे 'अंदाज' एवढाच शब्द लिहावा, ही दुसरी. तिसरी वाट क्वचितच कोणी घेतो. लाल डगल्यांच्या रांगेसमोर, तोफेच्या चाकाला टेकून उभ्या असलेल्या त्या माणसाला राखाडी अस्तराचा एक हात द्यायचा आणि कुंचला धुऊन ठेवायचा.